गाडीचा इन्शुरन्स त्याच्या नावावर होता

माझा नवरा इन्शुरन्स कंपनीला फोन केल्याशिवाय गाडी लांब नेत नसे. लांब म्हणजे किती, तर सिडनीतल्या आमच्या वेंटवर्थव्हिलहून जवळच्या ब्लू माउंटन्सच्या डोंगरांत जायचं असलं तरी. आदल्या दिवशी सोफ्यावर मांडी ठोकून बसायचा, फोन स्पीकरवर टाकायचा आणि पलीकडच्या बाईचा जीव खायचा. कांगारू आडवा आला तर कव्हर आहे का? कांगारू येऊन न आदळता आपणच त्याच्यावर जाऊन आदळलो तर? गारांच्या भीतीने गाडी झाडाखाली लावली आणि फांदी पडली, तर ते गारांत धरणार की झाडात? ती बाई प्रत्येक प्रश्नाला "नो वरीज, यू आर कव्हर्ड" म्हणायची आणि हा प्रत्येक वेळी "आर यू शुअर?" असं विचारायचा. मी स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसायचे.

मोठी गाडी घेतली तेव्हा ड्राइव्हवेमध्ये रीतसर पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारचा ग्रीक म्हातारा कुंपणावरून बघतोय म्हटल्यावर याला आणखी चेव चढला. नारळ असा काही आपटला की करवंटीचा तुकडा उडून नव्या कोऱ्या बंपरला लागला आणि चरा पडला. दुसऱ्या दिवशी याने फोन करून विचारलं, आपणच फोडलेला नारळ आपल्याच गाडीला लागला तर तो अॅक्सिडेंट धरतात का. गाडीसमोर नारळ का फोडला हे त्या बाईला समजावण्यात अर्धी दुपार गेली. क्लेम काही केला नाही. त्याने आयुष्यात एकही क्लेम केला नाही.

ती पॉलिसी ऑनलाइन काढली होती मुलीने. तेव्हा ती शाळेत होती. कंपनीच्या फोनवरच्या मशीनला याचे उच्चार कळायचे नाहीत, ते सारखं सॉरी म्हणायचं आणि हा त्या मशीनवर डाफरायचा. शेवटी एका रविवारी तिनेच लॅपटॉप ओढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, जस्ट लेट मी." आमच्यासारख्या घरांत असंच चालतं. वीज, गॅस, बँक, सगळं पोरं भरून देतात आणि आपण शेजारी बसून चष्मा पुसत राहतो.

त्याचा आणखी एक नियम होता, आणि त्यापायी मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. आम्ही कॅनबेराहून परत येत होतो. मुलगी मागच्या सीटवर होती. माझं लायसन्स नवीन होतं आणि हायवेवर मी पहिल्यांदाच चालवत होते, हा शेजारी बसून शिकवत होता. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा माझ्या भावाचा फोन याच्या मोबाइलवर आला. हा गाडीपासून दूर जाऊन बोलला, परत येऊन बसला आणि म्हणाला, चल. पुढे घरापर्यंत "मिरर बघ, लेन सोडू नकोस, ट्रकच्या मागे एवढी चिकटू नकोस" हेच चाललं होतं. गॅरेजमध्ये गाडी उभी केली तेव्हा तो म्हणाला, "गाडी बंद कर." मी केली. "चावी काढ." मी काढली. मग त्याने माझा हात धरून सांगितलं की माझे वडील गेले.

मी किंचाळले होते त्याच्यावर. माझा बाप गेला आणि तू मला मिरर बघायला सांगत होतास? त्याने एवढंच म्हटलं, "तू गाडी चालवत होतीस." मागे मुलगी गप्प बसली होती. तिला त्याने पंपावरच खूण करून गप्प केलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसानंतर मी हायवेवर गाडी घातली नाही. माझी छोटी गाडी बरी आणि मी बरी, घर ते हॉस्पिटलची लॅब, लॅब ते इंडियन ग्रोसरी आणि परत घर.

कोरोना आला त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला सासूबाई पुण्यात बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हा दोन आठवड्यांसाठी म्हणून गेला. जाण्याआधी अर्थातच इन्शुरन्सला फोन. गाडी नुसती उभी राहणार, मग सगळ्यांचं कव्हर कशाला? त्याने पॉलिसी बदलून घेतली, ड्रायव्हर म्हणून फक्त त्याचं नाव. मला विचारलं होतं, "तू थोडीच नेणार आहेस ही गाडी?" मी म्हटलं, मी कशाला नेतेय. रविवारी ड्राइव्हवेमध्ये पाच मिनिटं सुरू करून ठेव, बॅटरी उतरायला नको, असं बजावून तो गेला.

मग विमानं बंद झाली. सासूबाई बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालायला लागल्या, आणि हा तिथेच अडकला. रोज विमानाच्या वेटिंग लिस्टवर कुठे आहोत ते बघायचा. आमची मुलगी ब्रिस्बेनकडे होती, युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला, स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये एका मराठी कुटुंबाकडे पेइंग गेस्ट. ऑगस्टमध्ये तिच्या क्वीन्सलँडने आमच्या राज्यातल्या लोकांसाठी बॉर्डर बंद केली. तिला तिथून बाहेर पडता येत होतं, पण परत आत जायचं तर हॉटेलमध्ये क्वारंटाइन, म्हणून ती तिथेच राहिली. तिघं तीन ठिकाणी. याला त्यातही विनोद सुचायचे. तो पूर्वी ब्रिस्बेनमध्ये एका प्रोजेक्टवर होता, आणि तिथले लोक बॉर्डरच्या खाली राहणाऱ्या सगळ्यांना थट्टेने मेक्सिकन म्हणतात. व्हिडिओ कॉलवर तो मुलीला म्हणायचा, "तुझ्या मेक्सिकन आईला आत घेत नाहीत काय गं ते?" ती हसायची. मीही हसायचे, कारण तेव्हा आम्हाला वाटत होतं की हे सगळं तात्पुरतं आहे.

सप्टेंबरमध्ये त्याला ताप आला. मग बेड मिळत नव्हता, मग मिळाला, मग ऑक्सिजन. आणि एका संध्याकाळी मी भाजीला फोडणी घालत असताना दिराचा फोन आला. "वहिनी, दादा गेला." पुढे तो बरंच काही बोलत होता, अंत्यविधी कॉर्पोरेशनचे लोक करणार, कोणाला जाता येणार नाही, तुम्हाला व्हिडिओ लावून देऊ का. मी नको म्हटलं आणि गॅस बंद केला.

रडण्याआधी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती म्हणजे मुलगी. ती परक्याच्या घरात, एका खोलीत, फोन हातात घेऊन बसली असणार. तिला हे फोनवर कळता कामा नये. आपल्याकडे असं कळवतही नाहीत. "सीरियस आहेत, निघ" म्हणतात. माणूस पोचेपर्यंत घरचे सगळे मिळून तेवढं एक खोटं सांभाळतात. घरी आलं की कोणीतरी कवेत घेऊन सांगतं. मला तिला कवेत घेऊन सांगायचं होतं. बाकी माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, नवरा नव्हता, त्याची राखसुद्धा नव्हती. हे एवढंच माझं होतं आणि ते मी कोणाला हिसकावून घेऊ देणार नव्हते.

मी तिला फोन केला आणि म्हटलं, बाबा सीरियस आहेत, तुला घरी आणायला मी गाडी घेऊन येतेय, बॅग भर. ती म्हणाली, "यू? ऑन द हायवे?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला, कारण पुढचा शब्द माझ्या तोंडातून नीट निघाला नसता.

मग पुणं गप्प करायला घेतलं. आमचा घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप, ज्यात मुलगीही होती, म्हणजे सार्वजनिक नळ. कुठे खुट्ट झालं की सगळे हात जोडून हजर. मी एकेकाला फोन लावला. कोणीही फुलं टाकायची नाहीत, मेणबत्ती टाकायची नाही, डीपी बदलायचा नाही, उद्या रात्री मी सांगेपर्यंत ग्रुपवर अक्षर दिसता कामा नये. नणंद रडत रडत म्हणाली, "अगं, पण लोकांना कळवायला नको का?" मी म्हटलं, लोकांना परवा कळलं तर तुझा भाऊ काही जास्त मरत नाही. असं मी तिला बोलले, त्या रात्री, तिचा सख्खा भाऊ गेलेला असताना. ती गप्प झाली. सगळे गप्प झाले. एवढं मोठं खानदान, चाळीसेक तोंडं, मी एकटीने बंद केली.

मुलगी ज्यांच्याकडे राहत होती त्या काकूंना मात्र सांगावं लागलं. तिला बॉर्डरपर्यंत कोण आणणार? "बातमी आली," एवढंच मी म्हटलं, आणि त्या समजल्या. त्या म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस, मी चेहऱ्यावर काही दिसू देणार नाही." भेटायचं ठरलं ट्वीड हेड्सला. तिथे गावातल्या गावात एका रस्त्याची ही कड आमच्या राज्यात आणि ती कड क्वीन्सलँडमध्ये, मधोमध प्लॅस्टिकचे नारिंगी ठोकळे मांडलेले.

छोट्या गाडीचा रेडिएटर गळका होता. मेकॅनिकने तिला जवळच्या पॅरामॅटाच्या पुढे नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. म्हणजे मोठी गाडी.

सकाळी अंघोळ करून आरशासमोर उभी राहिले आणि सवयीने टिकलीच्या पाकिटाकडे हात गेला. हात तिथेच थांबला. मी असल्या गोष्टी मानत नाही, कधीच मानल्या नाहीत, मैत्रिणींशी यावरून कडाकडा भांडले आहे. पण त्या दिवशी हात थांबला हे खरं. मग मी सगळ्यात मोठी, लाल टिकली काढली आणि लावली. मंगळसूत्र ड्रेसच्या वर दिसेल असं ओढून घेतलं. मुलीला लांबून पहिल्यांदा तेच दिसायला हवं होतं.

गाडीत बसले तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. सीट त्याच्या उंचीची होती. ती पुढे ओढताना मला वाटलं की आपण त्याला ढकलून त्याच्या जागेवर बसतोय. आणि मग साहजिकच त्याचा प्रश्न आला. इन्शुरन्सचं बघितलंस का? मी खरंच तशीच निघाले असते तर बरं झालं असतं. पण त्याची गाडी, त्याला न विचारता नेत होते, निदान त्याच्यासारखी तरी न्यावी असं वाटलं. मी ड्राइव्हवेमध्येच बसून फोन लावला.

मशीनशी झटापट झाल्यावर एक बाई आली. आवाजाने तरुण वाटली. मला आज लांब जायचंय, बॉर्डरपर्यंत, माझं नाव ड्रायव्हर म्हणून घाला, एवढंच मी सांगितलं. ती म्हणाली, "कॅन आय जस्ट स्पीक टु द पॉलिसीहोल्डर?" तो इंडियात आहे. मग त्याला तिथून फोन करता येईल का? नाही. ईमेल? नाही. "इज ही अनेबल टु कम टु द फोन?" काय सभ्य प्रश्न होता. तिचा काही दोष नव्हता, पण मला तिचा गळा धरावासा वाटला.

"ही डाइड," मी म्हटलं. "लास्ट नाइट."

हे वाक्य मी तोवर कोणाला म्हटलंच नव्हतं. काकूंना बातमी म्हटलं होतं, पुण्याला म्हणायची गरजच नव्हती. ते पहिल्यांदा म्हटलं ते इंग्रजीत, एका अनोळखी मुलीला, गाडीच्या इन्शुरन्ससाठी. ती म्हणाली, "ओह, आय अॅम सो सॉरी, लव्ह." आणि ती खरंच रडवेली झाली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पण तिचे हात बांधलेले होते. पॉलिसीहोल्डर वारला असेल तर फाइल दुसऱ्या टीमकडे जाते, ते लोक आज सकाळीच तुम्हाला फोन करतील, खात्री करून घेतील आणि तुमचं नाव घालतील. तोवर तुम्ही कव्हर्ड आहात असं मला म्हणता येणार नाही. आमच्याकडे जो मोबाइल नंबर आहे त्यावरच फोन करायचा ना? तिने तो वाचूनसुद्धा दाखवला. मी हो हो म्हटलं. या देशात मला जे पटकन कळत नाही त्याला मी हो म्हणते, ही माझी वीस वर्षांची सवय आहे. आणि त्या वेळी आकडे ऐकायला मी जागेवर होतेच कुठे.

मी निघाले. थांबून वाट बघणं शक्य नव्हतं, पुण्यात कोणाच्या तोंडाचं झाकण कधी उडेल याचा नेम नव्हता.

सिडनी संपून डोंगर सुरू झाले तेव्हा मुलीचा पहिला फोन आला. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज मोठा घुमला. "मम, हाऊज बाबा?" मी म्हटलं, "ऑक्सिजनवर आहेत. डॉक्टर बघतायत." ती म्हणाली, "ओके. ओके. टेल देम टु व्हिडिओ कॉल मी?" मी म्हटलं, आयसीयूमध्ये फोन चालत नाही. खोटं इतकं सहज आलं की माझी मलाच भीती वाटली.

त्यानंतर मी इन्शुरन्सच्या फोनची वाट बघत राहिले. फोन येईना. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं, खांदे कानाला लागले होते. मागून ट्रक यायचे आणि आरशात नुसता त्यांचा जबडा दिसायचा. "मिरर बघ, लेन सोडू नकोस." मी मोठ्याने म्हटलं, बघतेय रे, बघतेय. मग त्याचे सगळे प्रश्न मला आठवायला लागले. कांगारू आडवा आला तर? कव्हर नाही. फांदी पडली तर? कव्हर नाही. त्याच्या आयुष्यात जी गाडी एक दिवस विम्याशिवाय रस्त्यावर आली नव्हती, ती तो गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी तशी पळवत होते.

एका ठिकाणी लेन बदलताना बाजूचा ट्रक मला दिसलाच नाही. त्याने असा हॉर्न मारला की मी गाडी कडेला घेतली आणि ब्रेकवर पाय ठेवून बसले. मला मरणाची भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर त्या वेळी मेले असते तरी चाललं असतं असं वाटलं. पण पोरगी त्या नारिंगी ठोकळ्यांपाशी बॅग घेऊन उभी राहील आणि कोणीच येणार नाही, एवढ्या एका विचाराने मी पुन्हा गिअर टाकला. फोन उचलून बघितला. मिस्ड कॉल नव्हता. मी त्या कंपनीला मराठीत ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

प्रत्येक थांब्यावर मी वाक्याची तालीम करत होते. "बाळा, बाबा आपल्याला सोडून गेले." छे, हे कुठल्या तरी सिरिअलसारखं. "बाबा आता नाहीत." नाहीत म्हणजे काय, ते मार्चपासून नाहीतच. "बाबांनी खूप प्रयत्न केला." कोणतंच वाक्य बरं वाटेना. इंग्रजीत सांगावं का, तिला ते जवळचं. पण इंग्रजीत मी ते एकदा म्हणून बसले होते, आणि मला ते वापरलेलं वाक्य तिला द्यायचं नव्हतं.

जेवणवेळ टळून गेल्यावर तिचा दुसरा फोन आला. आवाज अगदी हळू. "मम, व्हेअर आर यू?" मी गावाचं नाव सांगितलं. "हॅव यू ईटन?" नाही. "यू हॅव टु ईट. अँड स्टॉप एव्हरी टू अवर्स, ओके? ट्रकच्या मागे जास्त क्लोज जाऊ नको." मी म्हटलं, कळतं मला. "अँड डोन्ट स्ट्रेस अबाउट द कार. द कार इज फाइन." मी विचारलं, गाडीचं काय? "नथिंग. जस्ट ड्राइव्ह."

माझं डोकं सणकलं. बाप ऑक्सिजनवर आहे असं हिला सांगितलंय, आणि ही मला ट्रकबद्दल शिकवते? बापाचं नाव नाही? काय पोर आहे, का इथे वाढल्यावर असंच होतं, माणूस मरायला टेकला तरी "हॅव यू ईटन"? मी ओरडले, "बाबा कसे आहेत ते नाही विचारलंस?"

मग ती म्हणाली, "सॉरी. हाऊज बाबा?"

"जरा बरे आहेत," मी म्हटलं. "सकाळी डोळे उघडले म्हणे. तुझं नाव घेतलं."

"दॅट्स गुड, मम," ती म्हणाली. "दॅट्स रिअली गुड."

ते सांगताना क्षणभर मलाही तो डोळे उघडलेला दिसला, दाढी वाढलेला, चष्मा शोधणारा. क्षणभर मी सुखी झाले. कॉफ्स हार्बर जवळ आल्याची पाटी गेली आणि मग रस्त्याकडेला पर्यटकांसाठी उभारलेलं ते अवाढव्य पिवळं केळं आलं. त्यासमोर उभं राहून फोटो काढायचा असं तो दर सुट्टीत म्हणायचा आणि मी दर सुट्टीत त्याला वेड्यात काढायचे. मी थांबले नाही. पण तिथून पुढे बराच वेळ मला रस्ता नीट दिसत नव्हता, आणि मी मोठ्याने रडत, वेगमर्यादा पाळत चालवत राहिले.

ट्वीड हेड्सला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडीतूनच ते ठोकळे दिसले. दोन्ही बाजूंना माणसं फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसली होती, थर्मास उघडून कॉफी ओतत होती, एक आजी पलीकडून हात लांब करून बाळाचा पाय धरून होती. दोन पोलीस उभे होते. सगळं कसं सहलीला आल्यासारखं चाललं होतं. गर्दीत मला मुलगी दिसली. मोठी बॅग, त्याचा जुना राखाडी स्वेटर. मागे काकू उभ्या होत्या, तोंडावर मास्क आणि मास्कवर हात.

मी आरशात टिकली सरळ केली. तेवढ्यात फोन वाजला. तिचाच. ती माझ्याकडेच बघत होती.

"मम, पार्क्ड?"

"हो."

"इंजिन ऑफ?"

मी बंद केलं. "हो."

"चावी काढलीस?"

माझा हात चावीवरच राहिला. ती हा प्रश्न कुठून आणते हे मला माहीत होतं. मी चावी काढली, गाडीतून उतरले आणि तिच्याकडे चालत गेले. कसे गेले ते आठवत नाही. मधे ठोकळा होता, कमरेइतका. पोलीस काहीतरी म्हणाला, अंतर ठेवा वगैरे असावं, मग त्याने आमच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी तोंड उघडलं. तालीम केलेलं एकही वाक्य सापडेना. तिने ठोकळ्यावरून माझा हात धरला, चावीसकट, आणि मराठीत म्हणाली, "आई, बाबा गेले."

जे मी तिला सांगायला आले होते ते तिने मला सांगितलं. मागे काकू हुंदके देत म्हणाल्या, "मी नाही गं सांगितलं, देवाशपथ नाही सांगितलं." त्यांना मुलीला काही कळलंय याचा पत्ताच नव्हता. दिवसभर त्या तिच्यापासून लपवत होत्या आणि ती त्यांच्यापासून.

"मग कोणी?" मी विचारलं. "ग्रुपवर कोणी टाकलं?"

"नोबडी," ती म्हणाली. "इन्शुरन्सवाल्या बाईचा फोन आला. पॉलिसीवर माझा नंबर आहे ना. शी थॉट आय वॉज यू. म्हणाली, आय अॅम सो सॉरी अबाउट युअर हजबंड." ती थांबली. "मी म्हटलं, आय अॅम द डॉटर. देन शी सेड, ओह, आय अॅम सो सॉरी अबाउट युअर डॅड."

मला धरायला काही हवं होतं. मी त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला धरलं.

"मी तिला म्हटलं, माय मम इज ऑन द हायवे राइट नाऊ, प्लीज पुट हर नेम ऑन. पासवर्ड वगैरे सगळं मलाच माहीत होतं. तिने लगेच केलं. मी तिला दोनदा विचारलं, आर यू शुअर? शी सेड येस. यू वेअर कव्हर्ड ऑल डे, आई."

"कधी आला होता तिचा फोन?"

"मॉर्निंगला. मी तुला पहिल्यांदा कॉल केला ना, त्याच्या थोडं नंतर."

मी तिच्याकडे बघत राहिले. डोळे सुजून बारीक झाले होते, ओठ फुटला होता. त्या परक्या घरातल्या खोलीत ती दार लावून एकटी रडली होती, तोंड धुतलं होतं आणि मग मला फोन करून जेवलीस का विचारलं होतं. आणि मी तिच्यावर ओरडले होते.

"म्हणजे मी जेव्हा म्हटलं," मी विचारलं. "त्यांनी डोळे उघडले, तुझं नाव घेतलं, असं मी म्हटलं तेव्हा तुला..."

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग तू काहीच का नाही बोललीस?"

तिने माझ्या मुठीतली चावी हळूच सोडवून घेतली आणि स्वेटरच्या खिशात ठेवली.

"तू गाडी चालवत होतीस," ती म्हणाली.